परक्याच्या कचेरीचा भरवसा



खाजनाचा बांध रात्री फुटला तर हाक कोणाला मारता? शेजारच्या वाड्याला, की समुद्रापलीकडच्या कचेरीला? तरीही ‘पोर्तुगालच्या पाठीशी युरोप-अमेरिकेचे बळ होते, तो आधार गेला’ असा सुस्कारा टाकणारे महाभाग आजही आपल्यात आहेत. त्या बळाची कहाणी त्यांना ऐकवलीच पाहिजे.

‘नाटो’चा लष्करी करार ४ एप्रिल १९४९ रोजी १२ राष्ट्रांनी केला. पोर्तुगाल त्या पहिल्या बारांतला. सालाझारची मिजास या सोबत्यांच्या जिवावर! १९६१ साली नाटोची मुख्य कचेरी पॅरिसमध्ये होती. १८ डिसेंबरला भारतीय सेना गोव्यात शिरली, तेव्हा त्या कचेरीने किती गलबते पाठवली? एकही नाही! करारातच मर्यादा घातली होती. युरोप आणि उत्तर अमेरिकेकडचा मुलूख, समुद्रातली बेटे धरली तर तीही कर्कवृत्ताच्या उत्तरेची. गोवा त्या रेषेच्या कितीतरी खाली. सोबत्यांनी सुरक्षा परिषदेत ठराव आणला, तो रशियाच्या नकाराधिकाराने पडला. लिस्बनचा हुकूम होता की शरण जायचे नाही. पण १९ तारखेला गव्हर्नर वासालो इ सिल्व्हा शरण आला.

आणि ती कचेरी तरी स्वतःच्या जागेत होती काय? १९६६ साली फ्रान्सच्या द गॉल यांनी बजावले: करारात राहू, पण आमच्या भूमीवर परक्याचा हुकूम चालणार नाही; १ एप्रिल १९६७ पर्यंत बिऱ्हाड हलवा. मुख्य कचेरी ब्रुसेल्सला गेली, लष्करी ठाणे बेल्जियममध्येच मॉन्सजवळ गेले. पॅरिसच्या त्या इमारतीत पुढे विद्यापीठ भरू लागले. जिला स्वतःचे छप्पर राखता आले नाही, ती आपले कौल शाकारणार होती?

त्याच १९६७ सालच्या जनमत कौलात विलीनीकरणाची बाजू हरली. १९८७ साली गोवा वेगळे राज्य झाले. कौल आम्ही मानतो, विचार सोडत नाही. संकटात करारातली रेषा कामी येत नाही. भाषेचा, देवाधर्माचा, सोयरिकीचा शेजार कामी येतो. आपला तो शेजार बांदा-सावंतवाडीकडे आहे. ‘मुंबई फार दूर’ म्हणून तुम्हांला भिवविणाऱ्यांना एवढेच विचारा: मग लिस्बन जवळ होते काय?