बिनपगारी खुर्ची : संयुक्त राष्ट्रांची इंटर्नशिप आणि आपले तरुण

संयुक्त राष्ट्रांच्या नोकरभरतीच्या संकेतस्थळावर ‘राजकीय व्यवहार’ या शीर्षकाखाली इंटर्नशिपच्या जाहिराती अधूनमधून येत असतात. ठिकाण बहुतेक वेळा न्यूयॉर्क. मुदत दोन ते सहा महिने. पात्रता ऐकायला सोपी आहे. पदवीच्या शेवटच्या वर्षात असावे, एमए किंवा पीएचडी करत असावे, नाहीतर शिक्षण संपून एक वर्षापेक्षा जास्त काळ झालेला नसावा. इंग्रजी किंवा फ्रेंच चांगली हवी. नोकरीच्या अनुभवाची अट नाही. आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर अशी जाहिरात आली की ‘समाजातील तरुणांनी लाभ घ्यावा, जय भीम’ असे लिहून ती दहा ठिकाणी पुढे जाते. ते चांगलेच आहे. पण जाहिरातीच्या तळाशी एक परिच्छेद असतो, तो कोणी पुढे पाठवत नाही. ही इंटर्नशिप बिनपगारी आहे, असे त्यात स्पष्ट म्हटलेले असते. विमानप्रवास, व्हिसा, राहणे, जेवण, आरोग्य विमा हा सगळा खर्च उमेदवाराने किंवा त्याला पाठवणाऱ्या संस्थेने करायचा.

हिशेब मांडून पाहू. न्यूयॉर्कमध्ये कोणासोबत तरी राहायचे म्हटले तरी एका खोलीचे भाडे महिन्याला १००० डॉलरच्या पुढे जाते. सहा महिन्यांचे नुसते भाडेच पाच लाख रुपयांच्या वर. त्यात जेवण, मेट्रो, विमा आणि येण्याजाण्याचे तिकीट धरा. आता दुसरा आकडा पाहा. केंद्र सरकारची अनुसूचित जातींसाठीची राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती मिळवायची तर कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असावे लागते. म्हणजे सरकार ज्या घराला मदतीस पात्र मानते, त्या घराने आपली वर्षभराची मिळकत मुलाच्या सहा महिन्यांच्या फुकट कामावर लावायची. गुणवत्तेची परीक्षा सुरू होण्याआधीच इथे खिशाची परीक्षा होऊन जाते.

हा प्रश्न फक्त आपला नाही. २०१५ मध्ये जिनिव्हातील संयुक्त राष्ट्रांच्या कार्यालयात न्यूझीलंडचा एक २२ वर्षांचा इंटर्न भाडे परवडत नाही म्हणून तंबूत राहत असल्याची बातमी जगभर गाजली. त्याने पुढे इंटर्नशिप सोडली. त्यानंतर काही संस्थांमध्ये हालचाल झाली. आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आधीपासूनच विद्यावेतन देत होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या सदस्य देशांनी २०१८ मध्ये आपल्या इंटर्नना मदत देण्याचा निर्णय घेतला. युनिसेफ आणि यूएनडीपी यांनीही विद्यावेतन सुरू केले. संयुक्त राष्ट्रांचे सचिवालय मात्र जिथे होते तिथेच राहिले. राजकीय व्यवहारांचा विभाग या सचिवालयाचाच भाग आहे. सचिवालयाने इंटर्नना पैसे द्यायचे तर महासभेत बसणाऱ्या देशांनी तसे ठरवावे लागेल. जगभरच्या सरकारांना कामगारांच्या हक्कांवर सल्ले देणाऱ्या इमारतीत तरुणांनी फुकट राबावे, यावर त्या देशांचे एकमत आहे असेच म्हणायचे.

मग त्या विभागात असते तरी काय? ‘राजकीय व शांतता-उभारणी व्यवहार विभाग’ आजच्या स्वरूपात १ जानेवारी २०१९ पासून काम करतो. कुठल्या देशात संघर्ष पेटण्याची चिन्हे आहेत, कुठे निवडणुकीला मदत लागेल, कुठे मध्यस्थ पाठवावा, हे पाहणे त्याचे काम. सुरक्षा परिषदेच्या बैठकांचे कामकाजही इथूनच सांभाळले जाते. इंटर्नच्या वाट्याला येते ते साधे आणि कंटाळवाणे काम : सकाळी एखाद्या प्रदेशातील बातम्या वाचून त्यांचा सारांश करणे, बैठकीत बसून इतिवृत्त लिहिणे, वरिष्ठांच्या भेटीसाठी पार्श्वभूमीचे दीड पानाचे टिपण तयार करणे. हे टिपण चार हातांतून तपासून वर जाते. इंटर्न जगाचे राजकारण ठरवतो, असे कोणी सांगत असेल तर ते खरे नाही. पण एखाद्या देशाची परिस्थिती दीड पानात कशी मांडतात, कोणता शब्द वापरला की कोणते सरकार हरकत घेते, कोणती ओळ शेवटच्या मसुद्यात टिकते, ही विद्या तिथे बसूनच येते. शिवाय ओळखी होतात. पुढच्या नोकऱ्यांच्या मुलाखतीत हे सहा महिने मोजले जातात. आज ज्याला परवडते तो तिथे बसतो आणि दहा वर्षांनी तोच अधिकारी म्हणून परत येण्याची शक्यता वाढते.

इथे आपल्या कार्यकर्त्यांचा एक गैरसमज दूर करायला हवा. राजकीय व्यवहार विभागात गेलो म्हणजे जातीचा प्रश्न जगासमोर मांडता येईल, असे अनेकांना वाटते. तसे होत नाही. इंटर्नला गोपनीयतेचा करार करावा लागतो आणि कोणत्याही सरकारच्या सांगण्यावरून काम करायचे नाही, हे मान्य करावे लागते. तिथे राहून फेसबुकवर मोर्चाचे आवाहन करता येणार नाही. शिवाय जातीचा विषय न्यूयॉर्कच्या या विभागात जवळजवळ येतच नाही, तो मानवी हक्कांच्या यंत्रणेकडे म्हणजे जिनिव्हाला जातो.

जिनिव्हापर्यंत तो कसा पोहोचला, तो इतिहास आपल्या तरुणांना माहीत हवा. १९४६ मध्ये अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या संघटनेने संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज केल्याचे कळल्यावर बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉईस यांना पत्र लिहून त्याच्या प्रती मागवल्या होत्या. भारतातील अस्पृश्यांनीही तसाच मार्ग धरावा, हा विचार त्यामागे होता. संयुक्त राष्ट्रांना तेव्हा जेमतेम वर्ष झाले होते. पुढे २००१ मध्ये डर्बनच्या वंशभेदविरोधी परिषदेत दलित संघटना मोठ्या संख्येने गेल्या. जात म्हणजे वंश नव्हे, अशी भूमिका घेऊन भारत सरकारने हा विषय परिषदेच्या ठरावात येऊ दिला नाही. पण २००२ मध्ये वंशभेद निर्मूलन समितीने आपल्या २९व्या सर्वसाधारण शिफारशीत जन्माधारित भेदभावात जातीचा उल्लेख स्पष्टपणे केला. दलितांच्या प्रश्नावर काम करणाऱ्या ‘इंटरनॅशनल दलित सॉलिडॅरिटी नेटवर्क’ या संस्थेला संयुक्त राष्ट्रांचा सल्लागार दर्जा मिळायला सुमारे १५ वर्षे लागली. भारताचे प्रतिनिधी प्रश्नामागून प्रश्न विचारत राहिले आणि अर्ज पुढे ढकलला जात राहिला. शेवटी डिसेंबर २०२२ मध्ये आर्थिक व सामाजिक परिषदेत मतदान होऊन तो दर्जा मिळाला.

ही सगळी लढाई बाहेरून लढली गेली. आत बसून नियम, मसुदे आणि समित्यांची चाल समजणारे आपले लोक किती होते? सनदेच्या १०१व्या कलमात कर्मचारी निवडताना क्षमतेबरोबर भौगोलिक प्रतिनिधित्वाकडेही लक्ष द्यावे, असे म्हटले आहे. पण हे प्रतिनिधित्व देशाचे मोजले जाते. भारताच्या नावापुढे आकडा लागला की हिशेब पूर्ण. त्या भारतीयांमध्ये कोण आहे, हे तिथे कोणी विचारत नाही आणि आपल्याकडेही कोणी विचारत नाही.

आणखी एक गोष्ट बौद्ध तरुणांनी जाण्याआधीच मनाशी पक्की करावी. संयुक्त राष्ट्रांचे तिसरे सरचिटणीस ऊ थांट हे बर्मी बौद्ध होते. पांतानाव या गावच्या शाळेचे मुख्याध्यापक राहिलेला हा माणूस १९६१ ते १९७१ अशी दहा वर्षे त्या पदावर होता. क्युबाच्या क्षेपणास्त्र संकटात मध्यस्थीचे श्रेय त्यांना दिले जाते. आपण अभिमानाने हे सांगतो. पण आज त्याच विभागात आशियाचे काम वाट्याला आले तर टेबलावर म्यानमारची फाईल असेल : २०१७ मध्ये लाखो रोहिंग्यांना देश सोडावा लागला तो काळ, काही भिक्खूंनी केलेला द्वेषाचा प्रचार, १ फेब्रुवारी २०२१ चा लष्करी उठाव. तिथे ‘आपला धर्म’ म्हणून एक ओळही सौम्य करता येणार नाही. बाबासाहेबांचा धम्म ज्याला कळला आहे त्याला ते जड जाऊ नये, पण काही तरुणांना जाईल.

आता वाटा कोणत्या, ते पाहू. सगळ्यात व्यवहार्य वाट मला दिसते ती अशी. महाराष्ट्र शासनाच्या राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्तीत अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी ७५ जागा आहेत. ही शिष्यवृत्ती आणि केंद्राची परदेशी शिष्यवृत्ती पदवीसाठी आहेत, इंटर्नशिपसाठी नाहीत. पण जो विद्यार्थी आधीच न्यूयॉर्क किंवा जिनिव्हात शिकतो, त्याच्या राहण्याची सोय झालेली असते. सचिवालयातील बरेच इंटर्न असेच आसपासच्या विद्यापीठांतून येतात. म्हणून विद्यापीठ निवडतानाच शहराचा विचार करावा आणि व्हिसा व शिष्यवृत्तीच्या अटीत इंटर्नशिप बसते का, हे आधी लेखी विचारून घ्यावे. केंद्राच्या योजनेत एक मेख आहे. २०२२ पासून भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरचा सामाजिक अभ्यास हे विषय त्यातून वगळले आहेत. जातीचा अभ्यास करणाऱ्याची वाट तिथेच बंद होते. आंतरराष्ट्रीय संबंधांचा विषय घेणाऱ्यानेही प्रस्तावाची भाषा जपूनच लिहावी.

ज्याला परदेशी प्रवेश शक्य नाही, त्याने आधी पगारी जागा पाहाव्यात. कामगार संघटना, युनिसेफ, यूएनडीपी यांची दिल्लीतही कार्यालये आहेत. सध्या संयुक्त राष्ट्रांत मोठी काटकसर सुरू असून पदे कमी होत आहेत, त्यामुळे विद्यावेतनाची ओळ प्रत्येक जाहिरातीत नव्याने तपासावी. घरी बसून करता येणारी ऑनलाइन स्वयंसेवा हाही एक मार्ग आहे. तिथे पैसे नाहीत, पण भाडेही नाही.

कार्यकर्त्यांसाठी मात्र माझ्या मते याहून चांगली जागा जिनिव्हात आहे. मानवी हक्क उच्चायुक्तांचे कार्यालय अल्पसंख्याक समाजातील कार्यकर्त्यांसाठी दरवर्षी फेलोशिप देते. ती काही आठवड्यांची असते आणि प्रवासखर्च व राहण्याचा भत्ता तेच देतात. भारतात बौद्ध हे अधिसूचित धार्मिक अल्पसंख्याक आहेत. त्यामुळे अल्पसंख्याक असल्याचा पुरावा आपल्याकडे आधीच आहे. लागते ते समाजात प्रत्यक्ष केलेले काम, संघटनेचे शिफारसपत्र आणि नेमके लिहिलेली इंग्रजी.

बाबासाहेब १९१३ मध्ये कोलंबियाला गेले ते सयाजीराव गायकवाडांच्या दरमहा साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर. आज आपल्याकडे संस्थानिक नाहीत. पण दर १४ एप्रिलला आपल्या शहरांत मंडप, डीजे आणि फ्लेक्सवर किती खर्च होतो, तो प्रत्येक मंडळाने आपल्या वहीत पाहावा. एका जिल्ह्यातील मंडळांनी मिळून वर्षाला एका मुलीचा किंवा मुलाचा सहा महिन्यांचा खर्च उचलायचा ठरवला, तर ती रक्कम उभी राहू शकते. निवड मात्र नातेवाइकांत नको. अर्ज, लेखी टिपण आणि मुलाखत घ्यावी, आणि हिशेब जयंतीच्या व्यासपीठावरून वाचून दाखवावा.