पाठदुखीची गोळी आणि विश्रांतीचा हक्क

पिंपरीच्या औद्योगिकीकरणाचा आरंभ 1954 साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या सार्वजनिक क्षेत्रातील औषध कारखान्याने झाला, याचे स्मरण आज फारसे कोणी ठेवीत नाही. सामान्य माणसाला स्वस्त औषध मिळावे, हा त्यामागचा हेतू होता. पुढे त्याच भूमीवर आकुर्डी, भोसरी, तळेगाव आणि चाकणपर्यंत वाहनउद्योगाचा पट्टा पसरला. आज या पट्ट्यात औषधांच्या दुकानांना तोटा नाही. प्रश्न निराळाच आहे. पाठ, मान आणि खांदे दुखत असताना पुढची पाळी निभावण्यासाठी कामगार जी गोळी घेतो ती नेमकी कोणती, हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

‘दुखण्याची गोळी’ या एका नावाखाली तीन अगदी भिन्न औषधे खपतात. पहिली पॅरासिटामॉल, डायक्लोफेनॅक, असेक्लोफेनॅक यांसारखी सर्वपरिचित वेदनाशामके. दुसरी स्नायू शिथिल करणारी औषधे : थायोकोल्चिकोसाइड, क्लोरझोक्साझोन, टिझानिडिन, मेथोकार्बामॉल, बॅक्लोफेन. तिसरी अफूच्या कुळातील वेदनाशामके : मॉर्फिन, कोडीन, ट्रॅमाडॉल, टॅपेंटाडॉल. यांपैकी दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्गातील भेद समजून घेणे हा कामगाराच्या जीविताचा प्रश्न आहे.

स्नायू शिथिल करणारे औषध आखडलेल्या स्नायूचा ताण उतरविते. परंतु यांतील बहुतेक औषधे प्रत्यक्ष स्नायूवर काम करीत नाहीत. ती मेंदू व मज्जारज्जू यांच्यावर काम करून स्नायूला मिळणारी आज्ञा मंद करतात. म्हणूनच गुंगी हा त्यांच्या कार्याचाच एक भाग आहे. टिझानिडिनने रक्तदाब उतरतो, आणि सिप्रोफ्लॉक्सासिन या सर्रास दिल्या जाणाऱ्या प्रतिजैविकाबरोबर ते घेतल्यास तो धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकतो. क्लोरझोक्साझोनमुळे क्वचित यकृतास इजा होते. बॅक्लोफेन दीर्घकाळ घेऊन एकाएकी थांबविल्यास झटके येऊ शकतात. थायोकोल्चिकोसाइडची गोळी सलग सात दिवसांहून अधिक देऊ नये आणि गरोदर स्त्रीला ती मुळीच देऊ नये, असे युरोपातील औषध नियामक संस्थेने 2013 साली सांगितले. थोडक्यात, ही औषधे काही दिवसांपुरती आहेत. बारमाही खुराक म्हणून घेण्याची नव्हेत.

अफूजन्य औषधाची रीत वेगळी. ते स्नायूचा ताण उतरवीत नाही. वेदनेची जाणीवच बोथट करते. शस्त्रक्रियेनंतर, मोठ्या अपघातात आणि कर्करोगाच्या वेदनेत त्याचे मोल अपार आहे. परंतु ते श्वसन मंदावते, मलावरोध करते आणि शरीराला आपली सवय लावते. ट्रॅमाडॉलने काहींना अपस्माराचे झटके येतात. आणि साध्या पाठदुखीत त्याचा लाभ तरी किती? ऑस्ट्रेलियात झालेली एक चाचणी 2023 साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाली. नव्याने उद्भवलेल्या कंबरदुखी व मानदुखीत अफूजन्य औषध घेणाऱ्यांना निव्वळ बनावट गोळी घेणाऱ्यांहून अधिक आराम पडला नाही, असा तिचा निष्कर्ष आहे.

या दोन वर्गांची औषधे एकत्र घेतली, वर मद्याची जोड दिली, तर गुंगीत गुंगी मिसळून श्वास थांबण्याची वेळ येते. याचा विदारक पुरावा आपल्याच राज्यात आहे. मुंबईच्या अ‍ॅव्हिओ फार्मास्युटिकल्स या कंपनीच्या गोळ्या घाना, नायजेरिया आदी देशांतील तरुणांना व्यसनाच्या खाईत लोटीत असल्याचे बीबीसीने फेब्रुवारी 2025 मध्ये उघड केले. त्या गोळीत टॅपेंटाडॉल हे अफूजन्य वेदनाशामक आणि कॅरिसोप्रोडॉल हे स्नायू शिथिल करणारे औषध एकत्र केलेले होते. त्यानंतरच केंद्रीय नियामकाने या मिश्रणाच्या उत्पादनाचे व निर्यातीचे परवाने मागे घेतले. विज्ञानाला जे आधीच ठाऊक होते ते शासनाच्या कानी पडण्यास परदेशी वार्ताहर यावा लागला, ही बाब भूषणावह नाही.

यावर सरसकट बंदीची मागणी करणे सोपे, पण अविचाराचे होईल. 1985 च्या अंमली पदार्थविरोधी कायद्याच्या धाकाने रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणेच सोडून दिले आणि कर्करोगाचे असंख्य रुग्ण तळमळत राहिले. ती चूक सुधारण्यासाठी 2014 साली कायद्यात दुरुस्ती करावी लागली. ट्रॅमाडॉलवर 2018 पासून त्याच कायद्याचे नियंत्रण आहे, आणि ते अनुसूची एच-1 मध्येही मोडते. म्हणजे ते देताना डॉक्टरचे व रुग्णाचे नाव दुकानदाराने वहीत नोंदविणे बंधनकारक आहे. अभाव कायद्याचा नाही, अंमलबजावणीचा आहे.

साथींनी वस्तीत आणि कारखान्याच्या दारात सांगावयाच्या गोष्टी मोजक्या आहेत. गोळीच्या नावापेक्षा पाकिटावरील घटक वाचावेत. एका गोळीत अनेकदा तीन औषधे असतात. त्यावर वेगळे पॅरासिटामॉल घेतले तर यकृतावर दुप्पट भार पडतो. स्नायू शिथिल करणारे किंवा अफूजन्य औषध घेऊन पॉवर प्रेस, क्रेन वा दुचाकी चालवू नये. त्यांसह मद्य वा झोपेची गोळी घेऊ नये. सहकाऱ्याची गोळी मागून घेऊ नये. बरेच दिवस चालू असलेले औषध डॉक्टरांच्या सल्ल्याने क्रमाक्रमाने कमी करावे. माणूस हलवूनही उठत नसेल, श्वास संथ झाला असेल, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या असतील, तर 108 क्रमांकावर तत्काळ रुग्णवाहिका बोलवावी. नॅलोक्सोन हा त्यावरील उतारा आहे. पाठदुखीबरोबर जांघेत बधिरता आली वा लघवीवरचा ताबा सुटला, तर गोळीच्या भरवशावर न राहता थेट रुग्णालय गाठावे.

परंतु एवढ्याने आपले कर्तव्य संपत नाही. अर्थशास्त्राच्या भाषेत बोलावयाचे तर पाठदुखी हा उत्पादनाचाच एक खर्च आहे. तो कारखान्याच्या हिशेबवहीत दिसत नाही इतकेच. वाकून उचलावयाचे ओझे, तेच ते हजारदा करावयाचे काम, लांबलेली पाळी यांतून मालकाची बचत होते आणि त्याचे मोल कामगार आपल्या मणक्याने चुकवितो. कंत्राटी कामगाराला एक दिवसाची रजा म्हणजे एक दिवसाची मजुरी, प्रसंगी नोकरीही. त्या तुलनेत गोळी फारच स्वस्त पडते. सप्टेंबर 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यातील दैनिक कामाची मर्यादा 9 तासांवरून 12 तासांपर्यंत नेण्यास मान्यता दिली. आठवड्याचे तास 48 च राहतील, असे सांगण्यात आले. परंतु दहाव्या, अकराव्या तासाला थकलेल्या स्नायूला साप्ताहिक सरासरीचे गणित कळत नाही.

राज्य कामगार विमा योजनेत पात्र कामगाराला आजारपणात वर्षाकाठी 91 दिवसांपर्यंत वेतनाच्या 70 टक्के लाभ मिळतो. कायद्याच्या कक्षेतील प्रत्येक कंत्राटी कामगाराचे नाव तेथे नोंदले गेले आहे काय, ओझे उचलण्यास यंत्राची सोय आहे काय, पाळीत विसावा आहे काय, ठराविक काळाने कामाची अदलाबदल होते काय आणि औषधाच्या पाकिटावर गुंगीचा इशारा मराठी व हिंदीत छापला जातो काय, हे प्रश्न युनियनने पुढील वेतनकराराच्या मसुद्यात घालावेत. वेतनवाढीची मागणी आपण सवयीने करतो. पाठीची मागणीही आता त्याच कागदावर लिहावयास हवी.