विश्लेषण : होंडा जेटचे इंजिन पंखावर का? आणि धावपट्टीवर अडते कुठे?

मोटारी आणि दुचाकींमुळे घराघरांत पोहोचलेल्या होंडा कंपनीचे ‘होंडाजेट’ हे छोटे खासगी विमान वेग आणि इंधन बचतीत त्याच्या वर्गातील सरस विमानांत गणले जाते. मात्र हेच विमान धावपट्टी सोडून बाहेर गेल्याच्या घटना अमेरिकेत वारंवार घडल्या आहेत. हवेत हुशार ठरलेली रचना जमिनीवर का अडखळते?

इंजिन पंखावर कशासाठी?

छोट्या जेटमध्ये इंजिने सहसा शेपटीजवळ असतात. ती पेलणारा सांगाडा विमानाच्या मागील भागातून आरपार जातो आणि तिथली जागा खातो. लहान विमानात ही जागा म्हणजे प्रवाशांच्या बॅगा किंवा स्वच्छतागृह. होंडाचे अभियंता मिचिमासा फुजिनो यांनी इंजिने खांबावर उभी करून पंखाच्या वर नेली. कल्पना अगदीच नवी नव्हती. जर्मनीच्या ‘व्हीएफडब्ल्यू ६१४’ या प्रवासी विमानात १९७० च्या दशकात ती वापरली गेली होती, पण ते विमान चालले नाही.

यात मोठी अडचण होती. पंखाच्या वरून जाणारी हवा आधीच वेगवान असते. जास्त वेगात ती ध्वनीच्या वेगापुढे जाते आणि अवरोध एकदम वाढतो. तिथेच इंजिन बसवले तर हा त्रास बळावण्याचीच शक्यता. फुजिनो यांनी मात्र गणिताने आणि वातबोगद्यातील चाचण्यांनी अशी नेमकी जागा शोधली, जिथे इंजिनाच्या आवरणामुळे पंखावरील हवेचा वेग उलट कमी होतो. जागा जराशी चुकली तरी सगळा फायदा जातो.

कामगिरी कशी?

पहिले उड्डाण डिसेंबर २००३ मध्ये झाले, परवाना मिळायला डिसेंबर २०१५ उजाडला. कमाल वेग ताशी सुमारे ७८० किमी, उंची ४३ हजार फूट. ‘एलिट २’ या आवृत्तीचा पल्ला १५४७ सागरी मैल, म्हणजे सुमारे २८६५ किमी. मुंबई-दिल्ली हवाई अंतराच्या जवळपास अडीच पट. शिवाय एकच वैमानिक ते उडवू शकतो, त्यामुळे अनेक मालक स्वतःच चालवतात. पुढच्या प्रश्नाकडे पाहताना ही बाब ध्यानात ठेवायला हवी.

मग उतरताना काय होते?

विमान हलके, पंख कार्यक्षम. चाके टेकतात तेव्हा वेग ताशी २०० किमीच्या आसपास असतो आणि पंख अजूनही विमानाला उचलू पाहत असतात. चाकांवर पुरेसा भार आला नाही तर ब्रेक पकड घेत नाहीत. ओल्या धावपट्टीवर किंवा आडव्या वाऱ्यात तर अधिकच. मोठ्या विमानांत इंजिनाचा झोत उलटा वळवून वेग मारता येतो. होंडाजेटमध्ये ती सोय नाही. हलक्या जेटमध्ये ती सहसा नसतेच, हेही खरे. पण चाके टेकताच पंखावर उभ्या राहून उचल मोडणाऱ्या झडपा, म्हणजे ग्राउंड स्पॉयलर, सुरुवातीच्या आवृत्त्यांत नव्हत्या. सगळी भिस्त ब्रेकवर आणि वैमानिकाने राखलेल्या अचूक वेगावर.

नोव्हेंबर २०२४ मध्ये अ‍ॅरिझोनातील मेसा येथे उड्डाण ऐनवेळी सोडून दिलेले होंडाजेट धावपट्टीपुढे जाऊन रस्त्यावरील मोटारीवर आदळले. मोटारचालकासह पाच जण मरण पावले. ती घटना उतरतानाची नव्हती, पण उरलेल्या धावपट्टीत थांबण्याचा प्रश्न तोच.

कंपनीने काय केले?

२०२२ मध्ये आलेल्या ‘एलिट २’ला ग्राउंड स्पॉयलर देण्यात आले. परवान्यानंतर सात वर्षांनी. प्रशिक्षणाने काही चुका टळतीलही, पण एकट्या वैमानिकासाठी विकलेल्या विमानात चुकीला थोडी जागा रचनेतच ठेवावी लागते.

होंडा आता ‘एशेलॉन’ हे मोठे विमान आणत आहे. त्याचा जाहीर पल्ला २६२५ सागरी मैल, म्हणजे मधे न थांबता अमेरिकेच्या एका किनाऱ्यावरून दुसऱ्यावर. इंजिने त्यातही पंखावरच आहेत.