तळघरातल्या दिव्यांवर हसणाऱ्यांना

गुढीपाडव्याचा कार्यक्रम झाल्यावर इथल्या, ऑंटारिओतल्या मराठी मंडळातली काही कुटुंबं आमच्याकडे चहाला आली होती. मुलांना खेळायला तळघरात सोडलं आणि त्यांच्यामागून मोठीही खाली उतरली. जिन्याशेजारच्या फळ्यांवर पांढरे एलईडी दिवे लावलेले, त्यांच्याखाली मिरची, वांगी आणि टोमॅटोच्या रोपांचे ट्रे. ते पाहून एक गृहस्थ मोठ्यांदा म्हणाले, "वहिनी, गांजा लावलाय की काय?" सगळे हसले. कुणी फोटो काढला, संध्याकाळपर्यंत तो मंडळाच्या गटावर फिरला आणि त्याखाली तेच वाक्य वेगवेगळ्या शब्दांत लिहून आलं. रात्री मुलीने विचारलं, "आई, आपण काही चुकीचं करतोय का?"

मला राग आला तो या प्रश्नाचा. मुलीचा नव्हे, तो तिच्या मनात पेरणाऱ्यांचा. संपादकांनी अंकासाठी लेख मागितला तेव्हा पाककृती देणार होते. आता हे लिहिते आहे.

आधी गांजाचंच बोलू, कारण ज्या गोष्टीवर हसायचं ती नीट माहीत असावी. कॅनडात 17 ऑक्टोबर 2018 पासून गांजा कायदेशीर आहे. ऑंटारिओमध्ये एकोणीस वर्षं पूर्ण झालेल्या माणसाला घरी रोपं लावता येतात, एका घरात जास्तीत जास्त चार. क्वेबेकने घरगुती लागवडीला मनाई केली आणि सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये ती मान्य केली, म्हणून प्रांताप्रांतात फरक आहे. आमचे शेजारी ती चार रोपं लावतात. मार्च-एप्रिलमध्ये घरात, दिव्याखाली. मेअखेर थंडी सरली की अंगणात. ऑगस्टमध्ये दिवस पुरेसे लहान झाले की झाड फुलावर येतं आणि पहिल्या कडक थंडीच्या आत काढून होतं. ते सज्जन आहेत, कायद्याने वागतात. त्यांच्या घरी कुणी हसत नाही.

भारतात मात्र 1985 च्या कायद्याने गांजाची लागवड हा गंभीर गुन्हा आहे. आमच्या बीड-नगरच्या भागात तुरीच्या किंवा उसाच्या आडोशाला झाडं सापडली, पोलिसांनी उपटून नेली, अशा बातम्या अधूनमधून येतात, आणि शेतकऱ्याच्या घराला त्याची किंमत काय मोजावी लागते हे तिथल्यांना ठाऊक आहे. बीड-नगरच्या माणसासमोर ही चेष्टा करू नये याचं एक कारण हेही आहे. इथला कायदा आणि तिथला कायदा वेगळा, आणि सीमा ओलांडताना, अगदी अमेरिकेत जातानाही, हा माल जवळ असणं गुन्हाच. आपल्या घरातली मुलं कॉलेजात जायच्या वयाची झाली आहेत. त्यांच्याशी हे सरळ बोलायला हवं, हसून टाळायला नको. पण तो विषय स्वतंत्र आहे.

एक मात्र सांगते. गांजाही एकेकाळी आपल्याकडे उघडपणे, परवान्याने घेतलं जाणारं पीक होतं. 1893 साली ब्रिटिश सरकारने नेमलेल्या चौकशी आयोगाच्या नोंदींत मुंबई इलाख्यातली गांजाची शेती आहे, आणि तीत नगर जिल्हा ठळक आहे. आमचं बीडमधलं आष्टी तेव्हा निजामाच्या राज्यात, पण नगरची शीव लागूनच. बंगालमध्ये राजशाहीकडच्या नौगावला तर आधी वाफ्यात रोप तयार करून मग शेतात लावत, आणि नर झाडं वेळेवर ओळखून उपटायला खास जाणकार माणसं असत. म्हणजे आज माझे शेजारी इंटरनेटवर वाचून जे शिकतात, ते तेव्हाच्या हिंदुस्थानातल्या शेतकऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या येत होतं. आधी बी जपून एका जागी वाढवायचं, मग त्याला मोकळ्या रानात न्यायचं, ही विद्या पीक कोणतंही असो, तीच.

आणि ती विद्या मला कुणी शिकवली? आईने. आष्टीजवळच्या आमच्या रानात कांद्याचं रोप टाकायचं काम तिचं होतं. दसऱ्याच्या पुढेमागे रब्बीच्या कांद्यासाठी ती गादीवाफे करायची. मीटरभर रुंद, वीतभर उंच, शेणखत मिसळून हाताने ढेकळं फोडलेले. बोटाने ओळी ओढायची, बी विरळ टाकायची, चाळलेल्या मातीने झाकायची आणि उगवेपर्यंत झारीनेच पाणी द्यायची, कारण पाटाचं पाणी सोडलं तर बी एका कोपऱ्यात वाहून जातं. रोप सहा-सात आठवड्यांचं झालं, मानेपाशी हरभऱ्याएवढी गाठ धरली, की लागणीची तयारी. त्याआधी काही दिवस ती पाणी तोडत आणायची. रोप थोडं सुकल्यासारखं दिसायचं आणि मला त्याची दया यायची. ती म्हणायची, "आत्ता सोसलं तर रानात टिकंल." उपटायच्या आदल्या दिवशी मात्र भरपूर पाणी, म्हणजे मुळं तुटत नाहीत.

आष्टी तालुक्यात पावसाचा भरवसा नाही. गावातली कितीतरी घरं दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला बाहेर पडायची, आजही पडतात. मागे राहिलेल्यांचा वर्षाचा पैसा कड्याच्या बाजारात कांद्याला काय भाव मिळतो यावर ठरायचा, आणि तो कांदा आधी आईच्या वाफ्यावर ठरायचा. एका रात्रीच्या पावसाने रोप सडलं, की शेजारच्या गावात जाऊन वाफ्याच्या हिशोबाने विकत घ्यावं लागे, तेही मिळालं तर. ज्या घरात असं रोप वाचवायची धडपड पाहिली, त्या घरातल्या माणसाने रोपांच्या ट्रेकडे पाहून हसावं?

कारण हसणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या नावावर गावाकडे सातबारा आहे. नगर, सोलापूर, सातारा, बीड, लातूर. कुणाच्या वडिलांनी वांगी विकून फी भरली, कुणाची आजी पहाटे भाजीची पाटी घेऊन बाजारात जायची. हे मी ऐकीव सांगत नाही, तुम्हीच गाडीतून जाताना, उन्हाळ्याच्या सहलीत, डोळे भरून सांगितलेलं आहे. मग चार पांढरे दिवे पाहून पहिली आठवण गांजाची कशी होते? रोपवाटिकेची का होत नाही? आपण मुलांना शिवजयंतीला फेटे बांधतो, लेझीम शिकवतो, मोदकाची कळी पाडायला शिकवतो. ते सगळं हवंच. पण ज्या श्रमावर ते सगळं उभं होतं, तो श्रम मुलांच्या डोळ्यांसमोर आला की आपल्याला अवघडल्यासारखं होतं. माझा धाकटा एकदा म्हणाला, "आजी शेतकरी होती, म्हणजे तिला शाळा आवडत नव्हती का?" हे त्याला शाळेत कुणी शिकवलेलं नाही. आपल्याच बोलण्यातून त्याने ते उचललं आहे.

आता दिवे कशाला, हे सांगते. मार्चमध्ये इथल्या खिडकीतून येणारं ऊन रोपाला पुरत नाही. रोप उजेड शोधत लांबतं, पिवळट पडतं, देठ धाग्यासारखं होतं आणि शेवटी लोळतं. म्हणून दिवा रोपाच्या डोक्यावर अगदी जवळ आणि दिवसाचे चौदा ते सोळा तास. जांभळ्या रंगाचे महागडे दिवे लागत नाहीत, साधे पांढरे चालतात. मिरची आणि वांग्याचं बी थंडीत उगवत नाही, मातीला पंचवीस-तीस अंश ऊब लागते, म्हणून ट्रे घर तापवणाऱ्या भट्टीच्या खोलीशेजारी. मिरची-वांगी बाहेर न्यायच्या आधी आठ-दहा आठवडे पेरायची, टोमॅटो सहा-आठ. दुधी, दोडका, काकडी यांना मुळं हलवलेली सोसत नाहीत, ती तीन-चार आठवडे आधी आणि मोठ्या कुंडीतच. मेथी-कोथिंबिरीसाठी हा खटाटोप करू नये, त्या थेट जमिनीत टाकाव्यात.

नव्यांची रोपं मरतात ती पाण्यापायी. प्रेमाने रोज पाणी घालतात, माती ओली राहते, बुरशी येते आणि बोटभर रोप जमिनीलगत कोलमडतं. गावाकडे वाफ्यात हेच झालं की आम्ही मर लागली म्हणायचो. वरची माती सुकल्यावरच पाणी द्या, तेही ट्रेच्या खालून, आणि लहान पंखा मंद सोडून ठेवा. हवेने देठ जाड होतं.

शेवटचं काम सगळ्यात महत्त्वाचं आणि तेच लोक गाळतात. घरातलं रोप एकदम उन्हात ठेवलं तर पानं पांढरी पडून जळतात. आठ-दहा दिवस त्याला बाहेरची सवय लावायची. पहिल्या दिवशी तासभर सावलीत, मग थोडं कोवळं ऊन, मग वारा, मग रात्र. पाणीही थोडं कमी. आमच्या शेजाऱ्यांची रोपं एका वर्षी अशीच उन्हाने करपली. कुंपणापाशी उभं राहून मी त्यांना आईची पाणी तोडायची रीत सांगितली. पुढच्या वर्षापासून ते तसंच करतात. आष्टीच्या कांद्याची रीत ऑंटारिओत गांजाला लागू पडली याचं मला जराही वाईट वाटलं नाही. एका माणसाने दुसऱ्याकडून आदराने विद्या घेतली, एवढंच मला दिसलं. तोच आदर मी आपल्या माणसांकडून मागते आहे.

जाता जाता दुसरं एक. गावाहून येताना बॅगेत बी लपवून आणणं बंद करायला हवं. विमानतळावर प्रत्येक बी, रोप, फळ जाहीर करणं बंधनकारक आहे, आणि त्याला कारण आहे. कढीपत्त्याच्या रोपावर वाढणारा एक लहानसा किडा लिंबू-संत्र्याच्या बागांत रोग नेतो. फ्लोरिडात 2005 पासून त्या रोगाने काय केलं हे तिथे कुणी मराठी बागायतदार-मित्र असतील तर त्यांना विचारा. यावर कधीतरी सविस्तर लिहीन.

बियांवरून आठवलं ते हळदीकुंकवाचं वाण! दर वर्षी तेच प्लॅस्टिकचे डबे. त्याऐवजी बियांची पुडी का देऊ नये? संक्रांत जानेवारीत, मिरची पेरायची ती मार्चमध्ये, वेळही बरोबर जुळते. कार्यकारिणीपुढे हे मांडलं तर "बायकांना आवडणार नाही" असं उत्तर मिळालं. बायकांना कुणी विचारलं होतं?

फार बोलले. वाचताना काहींना वाटेल की ही बाई साध्या गमतीवर तुटून पडली आहे. ज्यांच्याकडे अपार्टमेंट आहे, अंगण नाही, ज्यांच्या दोन-दोन नोकऱ्या आहेत, घरात आजारपण आहे, त्यांना मी बागेची सक्ती करत नाही, आणि माझ्या सुरात तसं काही आलं असेल तर त्यांनी क्षमा करावी. ज्यांनी फोटो टाकला ते माझे जवळचे आहेत, अडीअडचणीला धावून येणारे आहेत, आणि त्यांच्या मनात वाईट नव्हतं हे मला ठाऊक आहे. पण मुलीचा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही. तिला मी त्या रात्री सांगितलं की आपण काहीच चुकीचं करत नाही, आपण आजीचं काम करतो आहोत. तिचा विश्वास पूर्ण बसलेला नाही, हेही तिच्या चेहऱ्यावर दिसलं. तो बसवणं एकट्या आईच्या हातात नाही. तिच्या काका-मावश्यांनी त्या फळ्यांपाशी उभं राहून "हे वांगं कोणतं, काटेरी का?" असं विचारलं तरच तो बसेल.

आता सप्टेंबर 2022 पासून नगरहून आष्टीला रेल्वे जाते, आणि 2025 पासून ती बीडपर्यंत. पुढच्या भारतवारीत मुलांना पुण्या-मुंबईच्या मॉलमध्ये नेण्याआधी एक दिवस त्या गाडीत बसवा. नोव्हेंबर-डिसेंबरात गेलात तर रुळांच्या दोन्ही अंगांना कांद्याचे वाफे आणि लागणी दिसतील. खाली उतरा, कुणाच्याही रानात विचारून जा, मुलांना एक वाफा खुरपू द्या. आमच्याकडे कुणी नाही म्हणत नाही.

कार्यकारिणीला माझी विनंती आहे की मार्चमध्ये एका शनिवारी सभागृहाची एक खोली रोपांसाठी द्यावी. माती आणि ट्रे मी आणते, शिकवायला मंडळातल्या आज्या-आजोबांना बोलवू, त्यांना माझ्यापेक्षा कितीतरी जास्त येतं आणि इथे त्यांना कुणी काही विचारत नाही. आणि सध्या माझ्याकडे लवंगी मिरची आणि काटेरी वांग्याची रोपं गरजेपेक्षा जास्त आहेत. ज्यांना हवी असतील त्यांनी व्हिक्टोरिया डेच्या आधीच्या शनिवारी सकाळी येऊन घेऊन जावीत. मुलांना बरोबर आणावं.