नामदेवांचे तूप

कुत्र्याने भाकरी पळवली आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, ही कथा आपण वर्गात वर्षानुवर्षे शिकवत आलो आहोत. शिकवताना पहिल्या पाच मिनिटांतच कुत्रा नाहीसा होतो आणि उरते ते सर्वांभूती परमेश्वर पाहण्याचे तत्त्व. प्रश्नपत्रिकेतही तेच येते. तुपाचे काय, हे कुणी विचारत नाही. कोरडी भाकरी त्या जिवाला पुरणार नाही, हे नामदेवांना दिसले होते. हे दिसणे वगळून त्या कथेतला भक्तिभाव शिकवता येतो, असे मला आता वाटत नाही.

हा विचार कन्हेरीच्या घरी सुचला. गेल्या हंगामात ऊसतोड संपून कोपी उठल्या, तेव्हा जेमतेम दीड महिन्याचे एक पिल्लू मागे राहिले आणि आमच्या अंगणात येऊन बसले. घरात भूतदयेची उणीव नव्हती. बशीभर गायीचे दूध, त्यात कुस्करलेली ज्वारीची भाकरी, शिवाय येता-जाता ग्लुकोजची बिस्किटे. आठ दिवसांत पोट नगाऱ्यासारखे फुगले, बरगड्या वर आल्या आणि हगवण लागली. पशुवैद्यांनी जंतांचे औषध दिले आणि खायला काय घालता, असे विचारले. उत्तर देताना आमची भूतदया फारच स्वस्त वाटू लागली.

कुत्रीच्या दुधात गायीच्या दुधाच्या दुपटीहून अधिक प्रथिने आणि स्निग्धांश असतात, दुग्धशर्करा मात्र कमी. दूध तुटल्यावर ती शर्करा पचवण्याची पिल्लाची शक्तीही घटत जाते. म्हणजे आपण मायेने ओतलेली बशी त्याला अनेकदा सोसत नाही. वाढत्या पिल्लाच्या अन्नात, कोरड्या वजनाच्या हिशेबाने, किमान २२.५ टक्के प्रथिने असावीत, असे प्रचलित मानक आहे. ज्वारीत ती दहा टक्क्यांच्या आसपास असतात. भाकरीने पोट भरते, पण अंग धरत नाही. चुनखडीचे प्रमाणही सांभाळावे लागते. नुसते मांस-भात घातला तर हाडे कच्ची राहतात.

एका सहकाऱ्यांनी हरकत घेतली, "धनगरांची कुत्री पिढ्यान् पिढ्या भाकरीवरच पोसली ना?" हरकत पोकळ नाही. माणसाच्या सहवासात कुत्र्याला पिष्ट पचवण्याची शक्ती लांडग्यापेक्षा अधिक आली आहे, हे २०१३ साली जनुकांच्या अभ्यासातून दिसले. परंतु जगली ती कुत्री आपण पाहतो. त्याच वाड्यावर मेलेली पिल्ले कुणी मोजलेली नसतात.

दोष केवळ अज्ञानाचा आहे, असेही मला वाटत नाही. आपली क्रियापदे पाहा. देवाला नैवेद्य दाखवतात, पाहुण्याला वाढतात, गाईला घास देतात आणि कुत्र्याला 'टाकतात'. श्राद्धातील पंचबलींत श्वानबलीला स्थान आहे, पण रोजच्या व्यवहारात त्याच्या वाट्याला उरलेसुरलेच येते, आणि त्या उरल्यासुरल्यात कांदा-लसणाची आमटी असते. कांदा, लसूण, द्राक्षे, चॉकलेट ही कुत्र्याला विषासमान. शिजवलेल्या कोंबडीचे हाड फुटून टोकदार होते आणि आतडे फाडू शकते. टाकणाऱ्याला हे ठाऊक असण्याची गरज भासत नाही. वाढणाऱ्याला भासली असती.

आता पिल्लाला दिवसातून चार वेळा थोडे थोडे मिळते. मऊ भातात उकडलेले अंडे किंवा हाडे काढलेली कोंबडी, थोडा लाल भोपळा, मीठ-तिखट नाही, आणि पशुवैद्यांनी मोजून दिलेली चुन्याची पूड. शेजारी स्वच्छ पाणी. महिन्याभरात केसांवर तकाकी आली.

अडचण श्रावणात आली. आमच्याकडे त्या महिन्यात अंडे उंबऱ्याच्या आत येत नाही. डाळ-पनीरवर भागेल का, असे पशुवैद्यांना विचारले. वाढीच्या वयात, नेमका हिशेब जमत नसेल तर प्रयोग नको, म्हणाले. दोन दिवस घरात कुणी कुणाशी धड बोलले नाही. तिसऱ्या दिवशी आईंनी अंगणात तीन विटा मांडल्या, एक जुने पातेले वेगळे काढले आणि अंडे स्वतः उकडले.