ठिपके गेले, रोग गेला का?

काचेच्या टाकीतील सोनेरी मासा दगडावर अंग घासू लागला आणि त्याच्या अंगावर मिठाच्या कणांएवढे पांढरे ठिपके उमटले, की पुष्कळांना दोनच उपाय सुचतात : दुकानातील एखादे औषध अंदाजाने ओतणे, नाही तर मासा जवळच्या तळ्यात नेऊन सोडणे. माझ्या मते हे दोन्ही उपाय अविचाराचे आहेत.

हा रोग ‘इक्थिओफ्थिरिअस’ नामक एकपेशीय परोपजीवीमुळे होतो. तो माशाच्या त्वचेखाली दडलेला असतो, तेव्हा औषध त्याला बाधत नाही. पूर्ण वाढ होताच तो गळून तळाशी जातो, स्वतःभोवती कवच निर्माण करतो आणि त्यातून शेकडो पिल्ले बाहेर पडतात. सुमारे दोन दिवसांत मासा न सापडल्यास ती मरतात. औषध चालते ते याच पोहत्या पिल्लांवर. म्हणून ठिपके नाहीसे झाले म्हणजे रोग हटला असे नव्हे. शत्रू सैन्य जमवावयास गेला, एवढाच त्याचा अर्थ! उष्ण पाण्यात हे चक्र आठवड्याच्या आत पुरे होते, थंडीत ते कित्येक आठवडे लांबते.

यास्तव उपचार साधा, पण चिकाटीचा हवा. दर लिटर पाण्यास दोन ते तीन ग्रॅम आयोडीनविरहित मीठ, एक-दोन दिवसांत थोडे थोडे विरघळवून घालावे. तळाचा गाळ काढून काही पाणी वरचेवर बदलावे, नवे पाणी क्लोरीनमुक्त असावे आणि बदललेल्या पाण्यापुरतेच मीठ पुन्हा घालावे. कल्ल्यांनाही रोग जडतो, म्हणून हवेचा पुरवठा वाढवावा. शेवटचा ठिपका गेल्यावरही दोन आठवडे हा क्रम सोडू नये. मॅलाकाइट ग्रीनसारखे विषारी औषध मुलांनी हाताळू नये. नवा मासा तीन आठवडे निराळा ठेवावा.

“दहावीस रुपयांच्या माशासाठी एवढा खटाटोप कशाला?” असे कोणी विचारील. नदीतल्या माशाला रोगट पाण्यापासून दूर जाता येते. टाकीतल्या माशाला तीच पिल्ले पुनःपुन्हा गाठतात. त्याची वाट आपण अडवली, तेव्हा त्याच्या दुखण्याचे उत्तरदायित्वही आपलेच. आणि तळ्यात सोडलेला रोगी मासा तेथील माशांनाही रोग देतो. त्यांना औषध कोण देणार?

विद्यार्थिमित्रहो, दया क्षणाची असते, शुश्रूषा अनेक दिवसांची. मासा पाळावयाचा तर दुसरीची तयारी आधी ठेवा.