गतिरोधक पाहिजे? आधी रस्ता कुणाचा ते बघा

शाळेपुढं अपघात झाला की दुसऱ्याच दिवशी गावकरी मुरूम-सिमेंटचा उंचवटा टाकून मोकळे होतात. राग खरा असतो, पण रात्री त्याच उंचवट्यावर दुचाकीवर मागं बसलेली बाई पडते. इंडियन रोड काँग्रेसच्या निकषात गतिरोधक ३.७ मीटर रुंद अन् मधोमध १० सेंटीमीटर उंच आहे. वर पांढरे पट्टे, अलीकडं फलक. गावोगावचे टेंगूळ यात कुठं बसतात?

घोडं अडतं मालकीवर. ग्रामीण मार्ग आणि इतर जिल्हा मार्ग जिल्हा परिषदेकडं, प्रमुख जिल्हा मार्ग अन् राज्यमार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडं. तिथं सरपंचाला कितीही बोला, उपयोग नाही. गल्लीबोळ मात्र ग्रामपंचायतीचेच, तिथं हात झटकता येत नाहीत.

म्हणून ग्रामसभेचा ठराव मोघम नको. रस्त्याचा क्रमांक, नेमकी जागा, शाळा सुटायची वेळ लिहा. प्रत संबंधित विभागाला, पोलीस ठाण्याला द्या अन् पोच घ्या. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनं १९८अ कलम आलंय. रस्त्याच्या रचनेत, देखभालीत निकष डावलल्यानं जीव गेला तर जबाबदार यंत्रणेला १ लाखापर्यंत दंड होऊ शकतो. पोच असली की ‘आम्हाला कुणी कळवलंच नाही’ हे चालत नाही. उसाच्या ट्रॉल्या सुरू व्हायच्या आत हा कागद जायला हवा.